अडकलेली चेन

"मोमोसे काका, त्या कोपऱ्यातल्या तंबूत कोण आहे?"

आमची मैत्रीण चिनात्सू हिने एवढंच विचारायचं होतं. विचारलं तर खिम्याचे दोन गरम पाव. नाही विचारलं तर आठवडाभर आम्हा तिघींची दप्तरं चिनात्सूने वाहायची.

पैज लावणाऱ्या तिघींत मीही होते, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते, यातलं काहीही मनाचं नाही. गेल्या डिसेंबरची अठरा तारीख, गुरुवार. ओमाची या आमच्या डोंगरगावच्या स्टेशनसमोरचं मोमोसे काकांचं डोंगरसामानाचं दुकान. संध्याकाळचे साडेचार. आमच्याकडे डिसेंबरात साडेचारला दिवे लागतात आणि त्या दिवशी वर्षातला पहिला मोठा बर्फ पडत होता.

शाळेत सगळ्यांना माहीत होतं. बर्फ पडला की त्या दुकानातल्या तंबूतून आवाज येतो.

चिनात्सूचा तोगोदादा तीन वर्षांपूर्वी डोंगरात बर्फाखाली गेला, हेही माहीत होतं. पण त्या दुकानाचं आणि तिच्या घराचं काय बिनसलं आहे, ते माहीत नव्हतं. नाहीतर पैज लावलीच नसती. खरंच नसती.

तिला तसंही तिथे जायचंच होतं. ती शाळेच्या गिर्यारोहण क्लबची नवी प्रमुख. जानेवारीत क्लबचा बर्फातला पहिला मुक्काम ठरला होता आणि तंबू निवडायचं काम तिच्याकडे होतं. घरी मात्र अजून काहीच सांगितलं नव्हतं. परवानगीचा कागद दप्तराच्या तळाशी चुरगळत होता.

आम्ही काचेबाहेर उभ्या राहिलो. ती आत गेली.

"किती जणी?" मोमोसे काकांनी विचारलं. सत्तरीचा बारीक माणूस, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"चौघी."

"मग सहा जणांचा घ्या. थंडीत माणूस फुगतो. आणि काय काय बघणार तंबूत?"

चिनात्सूने पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं. काठ्या मजबूत हव्यात. कापड वाऱ्याला दाद देणारं नको. हवा खेळायला वर झरोके हवेत.

"पुस्तक चांगलं वाचलंयस. दार बघितलंस?"

"दार?"

"तंबू एकच असतो पोरी, बारा महिने चालतो. बदलतं ते वरून घालायचं कापड. हे उन्हाळी. याला चेन. आणि हे हिवाळी. याला चेनच नाही. बाहीसारखं भोक आहे, दोरी ओढली की मिटतं. का बरं?"

"चेन गोठते. मग आतला माणूस आत राहतो."

"बरोबर. आणि बर्फ पडत राहिला तर?"

"दर दोन तासांनी उठून बाहेरचा बर्फ काढायचा. मध्ये मध्ये आतून भिंतीवर थापा मारायच्या. तीन इकडे, तीन तिकडे. म्हणजे साचलेला घसरतो."

"तीन-तीन कुणी शिकवलं तुला?"

चिनात्सूने काचेकडे पाहिलं. आम्ही बाहेरून हातवारे करत होतो. विचार ना, विचार ना.

मग तिने विचारलं. कोपऱ्यात उन्हाळी कापड घालून उभ्या केलेल्या त्या पिवळ्या तंबूकडे बोट दाखवून, हसत हसत.

काकांनी चष्मा काढला.

"आडनाव काय तुझं?"

"शिमोजो."

ते स्टुलावर बसले.

"तोगोची बहीण. ओळखायला हवं होतं. हनुवटी तीच आहे." मग म्हणाले, "तुझ्या दादाचा तंबू अगदी असाच होता. त्याच्यानंतर मी हा विकायला काढलाच नाही. आवाज म्हणशील, तर बर्फ पडला की येतो. मी आता बघायला जात नाही."

"बाबा म्हणतात, तुम्ही दादाला हिवाळ्यात उन्हाळी कापड दिलंत."

"म्हणू दे."

"खरं काय आहे?"

"मी त्याला दोन्ही कापडं दिली होती. हिवाळी कापडाची दोरी कशी बांधायची, ते इथे जमिनीवर बसून शिकवलं. त्याने ते का नेलं नाही, देव जाणे. तुझे बाबा इथे आले, या काउंटरवर डोकं ठेवून रडले आणि म्हणाले, तुम्ही माझा मुलगा मारलात. अशा माणसाशी काय वाद घालायचा? कुणाला तरी बोलल्याशिवाय त्यांना श्वास घेता आला नसता. म्हटलं, मलाच बोलू देत."

ते उठले. "थांब, सहा जणांचा मागे आहे. आणतो." आणि आत गोदामात गेले.

चिनात्सू एकटी उरली.

ते कापड का नेलं गेलं नाही, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दादा डोंगरात निघायच्या आदल्या दुपारी तिने मागच्या अंगणात बर्फाचं घर केलं होतं आणि दादाला न विचारता त्याचं हिवाळी कापड छत म्हणून ताणलं होतं. पहाटे तो निघाला तेव्हा कापड लाकडासारखं कडक झालं होतं. तो रागावला नाही. तिच्या टोपीवर टपली मारून म्हणाला, "राहू दे गं, चिमणे. एका रात्रीचा तर प्रश्न. हवा साफ आहे. उन्हाळी नेतो. आईला सांगू नकोस, उगाच ओरडेल."

तिने सांगितलं नाही.

रात्री हवा फिरली. चौथ्या दिवशी बर्फाखालून तंबू काढला, तेव्हा दाराची चेन गोठलेली होती. वीतभर उघडलेली.

त्यानंतर तिने ते कापड तसंच ओलं एका पिशवीत कोंबलं आणि गाद्यांच्या कपाटात अगदी मागे ढकललं. तीन वर्षं तिकडे हातही लावला नाही.

दुकानात एकदम शांत झालं होतं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज बर्फाने गिळला होता. कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह सूं सूं करत होता...

तोही थांबला.

आणि मग...

थप. थप. थप.

पिवळ्या तंबूच्या आतून. डाव्या भिंतीवर.

थोडा वेळ काहीच नाही.

थप. थप. थप.

उजव्या भिंतीवर.

दुकानाचं छप्पर शाबूत होतं. तंबूवर बर्फाचा कणही नव्हता. तरी आतून कुणीतरी तो झाडत होतं. घाई नव्हती त्या थापांना. दमलेल्या माणसाच्या थापा होत्या.

"दादा?"

थापा थांबल्या.

मग दाराच्या चेनचं टोक हललं.

बोटभर खाली आलं... अडकलं. वर गेलं. पुन्हा खाली आलं... पुन्हा तिथेच अडकलं.

चिनात्सू सांगते, भीती वाटली नाही. भीतीला जागाच नव्हती. तिला एवढंच दिसत होतं की त्याची चेन अडकली आहे आणि तो अजून ओढतोच आहे.

तीन वर्षं तो ओढतोच आहे.

ती गुडघ्यांवर बसली आणि बाहेरून चेन धरली. धातू इतका गार होता की बोटांची कातडी चिकटली. ती ओढत राहिली आणि बोलत राहिली. "मी उघडते. दादा, मी आहे. माझ्यामुळे झालं. कापड मी घेतलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. आधी सांगायला हवं होतं. उघडते, थांब."

कापडावर आतून एक तळवा उमटला. तिने आपला तळवा त्याच्यावर ठेवला.

चेन एकदम सुटली. सर्रकन खालपर्यंत.

आत कुणी नव्हतं.

तंबूचा तळ ओला होता. पण सगळा नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला जेवढी जागा लागते, तेवढाच.

स्टोव्ह पुन्हा सूं सूं करायला लागला.

आम्हाला काचेतून काय दिसलं? तंबूसमोर बसून हुंदके देणारी चिनात्सू. तंबू हलताना आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. पण तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची साल गेली होती, ती मी स्वतः रुमालाने बांधली. काकांनी ते पाहिलं, ओला तळ पाहिला आणि तिच्यापुढे गरम चहा ठेवला. पावांचं कुणी नावही काढलं नाही.

घरी आल्यावर तिने पहिल्यांदा गाद्यांचं कपाट उघडलं.

पिशवी तिथेच होती. तीन वर्षं ओलं कोंबलेलं कापड. बुरशी लागून सडलं असणार, असं मनाशी धरून तिने पिशवीत हात घातला...

कापड कोरडं होतं.

घट्ट, सारखी गुंडाळी केलेली. तोगो घडी कधीच घालायचा नाही, घडीवर कापड चिरतं म्हणायचा. गुंडाळीच करायचा. वर त्याचीच गाठ होती, दोन वेढे आणि एक मोकळा फास. हातमोज्यातूनही एका ओढीत सुटेल अशी.

ही गाठ चिनात्सूला येत नाही. तिला शिकवायची राहून गेली होती.

त्याने माफ केलं, की आठवण करून दिली? ती मला अजून विचारते. मला सांगता येत नाही. रात्री बर्फ पडायला लागला की आम्ही दोघी एकमेकींना फोन करतो आणि न बोलता ऐकत बसतो.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई कोबी चिरत होती. खिडकीचा पडदा ओढलेला होता, कारण बर्फ पडताना ती बाहेर बघत नाही. बाबा फावडं घेऊन निघाले होते. तोगो गेल्यापासून बर्फ पडत असला की ते दर दोन तासांनी उठतात. अंगण मोकळं करतात आणि परत येऊन झोपतात. कुणी विचारत नाही.

"बाबा, फावडं ठेवा."

"आत्ता येतो गं. साचतोय."

"साचू दे. आई, तूही बस."

तिने ती गुंडाळी टेबलावर ठेवली. बाबांनी आधी कापडाकडे पाहिलं. मग गाठीकडे. त्यांच्या हातातलं फावडं भिंतीला टेकलं आणि घसरत खाली गेलं.

"हे कुठे होतं?" आईने विचारलं.

"माझ्याकडे. पहिल्यापासून. सगळं सांगते, एक शब्दही लपवत नाही. मग मला काय बोलायचं ते बोला." चिनात्सूने दुखरा हात त्या गाठीवर ठेवला. "पण मी ठरवलंय. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मोमोसे काकांच्या दारात उभी राहणार आहे. त्यांची माफी मागायला. आणि हे कापड त्या तंबूवर घालायला. तुम्ही दोघांनी माझ्याबरोबर यायचंय."