दुसरी नाकपुडी

धडक बसली तेव्हा तिला वाटलं, तंबूचा खांबच आहे. अंगावर पांढरं किट, आत घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ, हातात तपासणीच्या नळ्यांचा ट्रे... तिच्या तोंडून "सॉरी" निघालं, आणि खांब बोलला.

"सावकाश, ताई! नळ्या सांडल्या तर आज एकही शर्यत व्हायची नाही."

ती प्रयोगशाळेत कामाला होती. महामारीमुळे रखडलेल्या शालेय स्पर्धा कशाबशा भरल्या होत्या. प्रेक्षक नाहीत, पालक फाटकाबाहेर. तपासणीसाठी तिने आपणहून नाव दिलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. इथे मुलांना तंबूतून मैदानावर नेण्याचं काम त्याच्याकडे होतं.

"भिंगं साबणाच्या पाण्याने धुवा आणि न पुसता वाळू द्या," तो म्हणाला. "वाफ धरणार नाही."

तिने करून पाहिलं. मग पहिल्यांदा नीट दिसले ते त्याचे डोळे. मास्कच्या वर, मिश्कील. ती उगाचच नळ्या सारख्या करत बसली.

थोड्या वेळाने एक धावपटू मुलगी खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी नाक गच्च धरलं. शाळा बंद, मैदान बंद. वर्षभर पोरगी इमारतीच्या गच्चीवर धावली होती. पण नाकात कांडी? नाही म्हणजे नाही! तपासणीशिवाय धावता येणार नव्हतं, आणि बाहेर शर्यतीची शिट्टी वाजत होती.

तो आला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. "आधी माझी घ्या."

"तुमची सकाळीच झालीय ना?"

"एकाच नाकपुडीची झाली. दुसरी रुसलीय."

कांडी आत गेली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं; तरी तो मुलीकडे बघून भुवया नाचवत राहिला. मुलगी खुदकन हसली, आणि तिचे हात नाकावरून खाली आले. तपासणी झाली, मुलगी धावली आणि चौथी आली. पदक हुकलं, पण रिकाम्या मैदानात त्याने एकट्याने इतक्या टाळ्या पिटल्या, की मुलगी कमरेत वाकून नमस्कार करायला लागली.

तंबूच्या दारातून ती पाहत होती. कुठून येतो एवढा जीव लावण्याचा उत्साह? तोही परक्याच्या पोरीसाठी...

आवराआवर करताना तो हळूच म्हणाला, "चहा घेऊ या?"

"आता 'ताई' नाही वाटतं?"

"तो शब्द मी मागे घेतोय. जाहीरपणे."

तिला हसू आलं, आणि लगेच मावळलंही. "बाबा नुकतेच हॉस्पिटलमधून आलेत. फुप्फुसं अजून नाजूक आहेत. मी कुणाबरोबर बसत नाही... मास्क काढून तर नाहीच."

"मग मी न बसता येतो," तो म्हणाला आणि त्याने पत्ता विचारून घेतला.

रविवारी तो खरंच आला, आणि रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. बाबा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं.

"कोण पाहिजे?"

"तुमची मुलगी!"

"मोठ्याने बोल!"

"तुमची मुलगी! मला आवडते!"

समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. ती धावत गॅलरीत आली. घरातल्या कपड्यांत, मोकळ्या केसांनी, मास्कशिवाय. तिचा चेहरा तो पहिल्यांदाच पाहत होता.

"तिला विचारलंस का?" बाबा.

"अजून... नाही." त्याने हात हलवून खूण केली.

"मग विचार की! मला काय विचारतोस?"

त्याने मान वर केली, पण शब्दच फुटेना. मघाचा सगळा आवाज कुठे गेला कोण जाणे. तिने कठड्यावर दोन्ही हात रोवले, छातीभर श्वास घेतला आणि "हो!" म्हणाली, इतक्या मोठ्याने, की बाबांनासुद्धा पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.