दाराला विचारून

आईच्या खोलीला नुसती चौकट आहे, दार का नाही, असं तुम्ही विचारलंत. सांगतो. दिवा जरा अलीकडे सरकवा.

मी दारांच्या कारखान्यात मशीन चालवतो. दार आणि चौकट त्यावर चढवायची. मशीन दोन्हींना बिजागऱ्यांच्या खाचा पाडतं, मग कुलपाचं भोक. आमची दारं आतून पोकळ. कुलूप बसावं म्हणून एका कडेला भरीव ठोकळा असतो, पण तो बाहेरून दिसत नाही. म्हणून बोटाच्या पेराने दोनदा वाजवून बघायचं. पोकळ आवाज आला की पुढे सरकायचं, भरीव आला की तिथे पेन्सिलीने फुली. मला शिकवणारे मिस्त्री म्हणायचे, "दाराला विचारल्याशिवाय हात लावू नकोस." एकदा मी न विचारता भोक पाडलं, दार वाया गेलं, तर आठवडाभर ते मला 'जावईबापू' म्हणत होते.

आईला तेव्हा विसरायला व्हायला लागलं होतं. पहाटे उठून ती घराबाहेर पडायची. दोनदा हमरस्त्यावर सापडली, दुसऱ्यांदा तर अनवाणी. ताई म्हणाली, "तिच्या खोलीला बाहेरून बंद होणारं दार बसव. एक दिवस गाडीखाली येईल रे ती." ताईचंही चुकत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी एकटाच कारखान्यात गेलो. दार मशीनवर चढवलं. कुलूप मुद्दाम बाहेरूनच उघडणारं आणलं होतं, आतल्या बाजूला मूठच नाही. टक टक. पोकळ. वीतभर सरकलो. टक टक. भरीव. फुली मारली.

तेवढ्यात दाराच्या खालून आवाज आला. टकटक... टक.

लाकूड वाळताना वाजतं, हे मला माहीत आहे. पण दोन घाईचे आणि एक सावकाश, असं फक्त आई वाजवते. लहानपणी मी न्हाणीघरात रेंगाळलो की ती बाहेरून असंच वाजवायची. मी मशीनखाली वाकून पाहिलं. भुसा होता, बाकी काही नाही. पण लाकडाच्या वासात तिच्या गुडघ्यांच्या मलमाचा वास मिसळला होता.

मी ताईला फोन लावला. "आई कुठेय?"

"झोपलीय. समोरच आहे माझ्या. का रे?"

"काही नाही..."

फोन ठेवला, तर पुन्हा. टकटक... टक. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण थांबलो असतो तर मी आईला कोंडायला निघालोय हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी मशीनचं बटण दाबलं. त्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही.

संध्याकाळी दार बसवलं. रात्री ताईने ते बंद केलं. आईने एकदाही हाक मारली नाही.

सकाळी उघडलं तर ती पलंगावर शांत बसली होती. कित्येक महिन्यांत तिने मला असं ओळखून पाहिलं नव्हतं.

"काल दुपारी ऐकलं होतंस ना तू?" ती म्हणाली. "मग मशीन का सुरू केलंस?"

मी तिच्याजवळ बसलो. तिचा हात हातात घेतला, तर नखांत ताजा भुसा. मी तिथेच ढसाढसा रडलो. त्याच दिवशी दार उतरवलं. तेव्हापासून मी तिच्या उंबऱ्याशी आडवा झोपतो. ती बाहेर निघाली की मला ओलांडावं लागतं, आणि मी जागा होतो.

दार टाकवेना, म्हणून ते त्या कोपऱ्यात टेकवून ठेवलंय. मागे नुसती भिंत आहे, हवं तर बघून या.

...ऐकलंत? घाबरू नका, रोजचंच आहे. इथे पहिल्यांदा ते तसंच टकटक... टक वाजलं तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं, आता ती घाबरणार. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली,

"दार उघड ना रे तिला. किती दिवस आत उभी आहे..."