पानावरच्या खिडक्या

"ब्रिटाची रोपं ट्रकमध्ये चढली. माझी नाहीत," थेडा म्हणाली. "का, तर म्हणे माझ्या पानांना कीड लागलीय."

"लागलीच आहे की," तिचा धाकटा भाऊ गस म्हणाला. सुट्टी लागल्यापासून त्याचं तोंड चीजच्या तुकड्यांनी भरलेलंच असायचं.

गावाबाहेरच्या वाळूच्या माळावर रानटी ल्युपिन नावाचं फुलझाड संपत चाललं होतं. इवल्या निळ्या फुलपाखरांचे सुरवंट तेवढंच एक झाड खातात. म्हणून मुलांनी रोपं वाढवायची, आणि ज्याची सर्वांत चांगली ती शनिवारी माळावर लावायची, असं ठरलं होतं. थेडाने दोन वर्षं खपून वाढवलेली रोपं अजून गुडघ्यापर्यंतही आली नव्हती. शेजारच्या ब्रिटाने मागून सुरुवात केली आणि तिची कमरेएवढी झाली. वर जाड जांभळे तुरे.

"काहीतरी लबाडी आहे. चल, बघू," थेडा म्हणाली.

ट्रक फुलपाखरू समितीच्या मिस्टर नॉल यांच्या अंगणात उभा होता. थेडा चाकावर चढली. जवळून रोपं आणखीच देखणी दिसली आणि तिच्या पोटात दुखलं. एकाही पानाला डाग नव्हता.

"कसं गं जमतं हिला? कुंपणापलीकडे तर आपलीच बाग," गस म्हणाला. "किडे तिच्याकडे जातच नाहीत. तुझंच खातात."

थेडा त्याच्याकडे बघत राहिली. मग एक पान तोडून ती घराकडे पळाली.

लाजेपायी तिने आपली रोपं कधी नीट पाहिलीच नव्हती. आता त्यांचं एक पान तोडून उलटलं. हिरवं मांस खाल्लेलं, वरची पातळ त्वचा तेवढी शिल्लक. जणू पानाला काचेच्या खिडक्या. कडेला एक चपटा हिरवा सुरवंट, आणि त्याच्या पाठीवरचा गोड रस चाटणाऱ्या मुंग्या.

"ही कीड नाही रे," ती मागोमाग आलेल्या गसला हळूच म्हणाली. "ह्यांच्यासाठीच तर सगळं चाललंय."

तिने दोन्ही पानं तळहातावर ठेवली. पंजासारख्या पसरलेल्या तिच्या पानाला नऊ बोटं होती. ब्रिटाच्या पानाला पंधरा. ते रानटी नव्हतंच, बागेत शोभेला लावतात ते ल्युपिन होतं.

मिस्टर नॉलनी ऐकून घेतलं नाही. "ब्रिटाच्या बियांच्या पाकिटावर 'रानटी' छापलंय, पोरी. हरलेल्याला असं काहीबाही दिसतं."

"दिसतं ना," गस बहिणीच्या कानात म्हणाला. "मग त्यांनाही दाखवू."

शनिवारी माळावर गाव जमलं. गस कॅमेरा घेऊन पुढे झाला. "मिस्टर नॉल, पहिलं रोप माळावरच्या या जुन्या रानटी झाडाशेजारी ठेवा ना. फोटो झकास येईल."

मिस्टर नॉलनी केस सारखे केले.

"आता दोन्हींचं एकेक पान हातात धरा. वर. आणखी वर. लोकहो, जरा बोटं मोजता का?"

लोक मोजू लागले. जुन्या झाडाचं पान नवावर थांबलं. दुसरं थांबेना. मिस्टर नॉलनी चष्मा पुसून स्वतः मोजलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"पाकीट खोटं निघालं आणि मी त्याच्यावर विसंबलो," ते म्हणाले. "थेडा, तुझी रोपं आण. कीड म्हणालो त्याची माफी. असे डोळे समितीत एकालाही नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थेडाला वाटलं होतं, आता पोटातलं दुखणं थांबेल. पण ब्रिटा एकटीच आपल्या कुंड्या ट्रकमध्ये परत चढवत होती.

"तू मुद्दाम शोधलंस ना?" ब्रिटाने विचारलं.

"हो. तुझी चूक सापडावी म्हणूनच."

"सापडली." ब्रिटाने नाक पुसलं. "पुढच्या वर्षी मी खरं रानटी लावणार. तुझ्याहून चांगलं."

आणि ते खरंच होईल, हे थेडाला ठाऊक होतं.

"बी तसंच पेरू नकोस," ती म्हणाली. "टरफल फार टणक असतं. आधी पॉलिशपेपरवर घास, मग रात्रभर भिजव. आणि जुन्या झाडाखालची मूठभर माती कुंडीत घाल. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मग मला का सांगतेस?"

"ते मलाही कळत नाहीये. एक कुंडी दे इकडे."