उत्तरासाठी सोडलेली जागा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने चहाचे आधण ठेवले आणि ते उकळेपर्यंत वडिलांच्या दिवसभराच्या गोळ्या तीन वाट्यांत मोजून घातल्या. साडेसहाला त्यांना उठवले, उजव्या बगलेखाली आपला खांदा दिला आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत आणून बसवले. गुडघ्यांवर शाल. डाव्या हातात दाबायला रबरी चेंडू. उजवा हात उशीवर, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. दुधात भिजवलेला पाव भरवायला वीस मिनिटे लागली. मग दाढी: आधी डावा गाल, मग हनुवटी, शेवटी उजवा, कारण त्या बाजूची कातडी ओघळली होती आणि बोटाने ताणून धरावी लागे.

सात महिन्यांपूर्वी मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली, आणि पानभर मजकुरातून एक चुकलेली वेलांटी हुडकून काढणाऱ्या या निवृत्त मुद्रितशोधकाची वाचा गेली. उरला एक हुंकार. होकारालाही तोच, नकारालाही तोच. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्याशी बोलत राहा. कधीतरी उत्तर येईल." ती बोलत राहिली. विद्यापीठात ती वाक्यरचना शिकवी. निरनिराळ्या भाषा वाक्य कसे बांधतात हा तिचा विषय, आणि बोलणे हेच पोटापाण्याचे साधन. पण घरात ते सगळे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी दाढी झाल्यावर साबणाचा वास जावा म्हणून तिने खिडकी उघडली. पाठीमागून वडील स्वच्छ आवाजात म्हणाले,

"उघडली खिडकी मुलीनं."

आणि दातांच्या फटीतून त्यांनी एक आखूड श्वास आत ओढला, गरम भांड्याला बोट लागल्यावर ओढावा तसा.

आठ वाजता वडिलांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी आल्या तेव्हा ती टॉवेल हातात घेऊन तशीच उभी होती. "मी म्हणत नव्हते?" मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "आता बघा, बोलायला लागले की पहिल्यांदा माझ्या चहाला नावं ठेवतील."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तोडला दोर कुत्र्यानं." घरात कुत्रा नव्हता. तिसऱ्या दिवशी, "दिला दिवा बहिणीला भावानं." ती सवयीने प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घेत होती. अशा आजारात शब्द विस्कटतात, हे तिला ठाऊक होते. शिवाय मराठी ही सोशिक भाषा. शब्द मागेपुढे झाले तरी फारशी कुरकुर करत नाही. पण आठवड्याच्या शेवटी अकरा चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या तेव्हा तिने त्या पुन्हा पहिल्यापासून वाचून पाहिल्या. विस्कटलेल्या गोष्टीला घडी नसते. इथे प्रत्येक वाक्याची घडी एकच होती: आधी घडलेली गोष्ट, मग ती ज्यावर घडली ते, सर्वांत शेवटी करणारा. आणि त्यानंतर आत ओढलेला श्वास.

ही घडी तिने आयुष्यात एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती.

अकरा वर्षांपूर्वी, विद्यापीठाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, एका म्हातारीच्या तोंडून. त्या म्हातारीची भाषा बोलणारे दुसरे कुणीही जिवंत उरले नव्हते. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्या वाक्यानंतर तिच्या लोकांत श्वास आत ओढायचा. ऐकीव गोष्टीनंतर ओढायचा नाही. काम नेहमीच्या पद्धतीने चालले होते. एकशे चाळीस वाक्यांची एक छापील प्रश्नावली असते. ती जगातल्या कुठल्याही भाषेच्या माणसाला त्याच क्रमाने विचारायची, म्हणजे भाषा एकमेकींशेजारी ठेवून पाहता येतात. आपण वाक्य वाचायचे, मनात सातपर्यंत मोजायचे, समोरच्याने ते आपल्या भाषेत सांगायचे. एक वाक्य, एक चिठ्ठी. यादीबाहेरचे जे बोलले जाईल ते लिहायचे नाही. म्हातारी शहाण्णवाव्या वाक्यापर्यंत आली, त्या संध्याकाळी घरी गेली आणि चार दिवसांनी वारली. सत्त्याण्णवपासून पुढे आज्ञा आणि विनंतीची वाक्ये होती. ती चव्वेचाळीस वाक्ये नाहीत म्हणून त्या भाषेचे व्याकरण, तिच्या हयातीतले एकमेव मोठे काम, अकरा वर्षे अपुरे पडून होते.

तिने विद्यापीठातल्या आपल्या कपाटातून प्रश्नावली घरी आणली. पहिले वाक्य: मुलीने खिडकी उघडली. दुसरे: कुत्र्याने दोर तोडला. वडिलांनी ही यादी कधी पाहिली नव्हती. घरी काम आणायचे नाही, हा तर त्यांचाच दंडक होता.

त्यानंतर वडील दिवसाला चार, सहा, कधी दहा वाक्ये बोलू लागले. एकही क्रमांक गाळला नाही. चाळिसाव्या वाक्यापासून शब्दही मराठी राहिले नाहीत. ते शब्द तिला येत होते; त्या घरात, त्या शहरात, बहुधा पृथ्वीवरही, फक्त तिला एकटीलाच.

"ताई, एक बोलू?" मावशींनी एके दिवशी तिला स्वयंपाकघरात गाठले. "तुम्ही कामावर गेलात की हे गप्प असतात. तुम्ही कागद घेऊन समोर बसलात की सुरू. आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे कमी होतात."

"कमी म्हणजे?"

"काल चमच्याकडे बघत बसले. चमचा काय असतो तेच विसरले. 'बाबा' म्हटलं तर मानसुद्धा वळवत नाहीत. मी अडाणी बाई, पण शिवण उसवत गेली की कळतं हो मला."

"बोलणं परत येताना असं होतं, मावशी."

"कुणाचं बोलणं?" मावशी म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता भांडी घासायला वळल्या.

तिला दिसत नव्हते असे नाही. पण रोज टेबलाशी बसताना ती स्वतःला समजावी: एवढी दहाच. वडिलांचा आवाज घरात हवा होता, हे खरे. चव्वेचाळीस वाक्ये हवी होती, हेही तितकेच खरे. आणि या दोन गोष्टी तिच्या मनात अशा कालवल्या गेल्या होत्या की कोणती कुठली ते तिचे तिलाही सांगता येईना. शहाण्णवावे वाक्य बोलून झाल्यावर वडिलांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिले. हात बर्फासारखा गार होता. ती नजर तिने पूर्वी कुठेतरी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ध्वनिफितींच्या दालनात गेली.

"अकरा वर्षांत या फितीला कुणी हात लावला नाही," तिथले म्हातारे तंत्रज्ञ डबा पुसत म्हणाले. "तुम्ही विद्वान लोक बायकोपेक्षा जास्त जपून ठेवता आणि बायकोसारखंच विसरून जाता."

ती हसली नाही. तिने कानांवर हेडफोन चढवले आणि शेवटची फीत लावली. तिचा स्वतःचा तरुण, उत्साही आवाज. चौऱ्याण्णव. उत्तर. पंच्याण्णव. उत्तर. मग म्हातारी बराच वेळ काहीतरी बोलली. जुन्या वहीत त्या जागी तिच्याच अक्षरात शेरा होता: विषयांतर, नोंदले नाही. तेव्हा तिचे सगळे लक्ष क्रियापद कुठे येते याकडे होते. म्हातारी काय म्हणते आहे, हे ऐकायचे राहून गेले होते. आता तिला ती भाषा येत होती.

बसवत नाही मला आता, म्हातारी म्हणत होती. हात गार पडलाय माझा. पुरे कर, पोरी. जाऊ दे मला.

आणि त्यावर तिचा तरुण आवाज: "छान. आता शहाण्णव."

तिने डोळे मिटून घेतले. शहाण्णवाचे उत्तर आले. खुर्ची सरकली, काठी टेकत पावले गेली, दार लागले. फीत इथे संपत होती, हे तिला नक्की आठवत होते. तिनेच बटण दाबले होते.

फीत संपली नाही.

"सत्त्याण्णव," तिचाच आवाज म्हणाला. "दार उघड."

शांतता. एक ते सात मोजण्याइतकी.

"अठ्ठ्याण्णव. मला आत येऊ दे."

शांतता.

"नव्याण्णव. इथं बस."

तिने ही वाक्ये त्या खोलीत कधीच वाचली नव्हती. आवाज मात्र न थांबता, न थकता एकशे चाळीसपर्यंत गेला, आणि प्रत्येक वाक्यामागे उत्तरासाठी तेवढीच जागा सोडत गेला. त्या जागेत पूर्ण शांतता नव्हती. कुणीतरी जवळ बसून ऐकत असावे, तसे काहीतरी होते.

"झालं का काम?" तंत्रज्ञांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "राहिलंय थोडं."

घरी येऊन तिने चिठ्ठ्या, वही, प्रश्नावली, सगळे लोखंडी कपाटात कोंबून कुलूप घातले. वडिलांसमोर बसून त्यांचा गार हात दोन्ही हातांत धरला. "चुकलं माझं, बाबा," ती म्हणाली. "आता काही नाही विचारणार." त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण एखाद्या अनोळखी शहरातल्या पाटीकडे पाहावे तसे.

सकाळी आधण ठेवले. गोळ्या मोजल्या. साबण लावला. तिच्या हातात कागद नव्हता, पेन नव्हते. वस्तरा हनुवटीवर असताना वडिलांचे ओठ हलू लागले. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आले. तोंड मिटून ठेवण्यासाठी हा माणूस सगळी शक्ती पणाला लावतो आहे, हे तिच्या बोटांना कळत होते. तिने त्यांच्या ओठांवर तळहात दाबून धरला. मग मनात मोजले, कारण दुसरे काही सुचेना. सात झाले. आणखी सात. ओठ शांत झाले.

दुसऱ्या खोलीत कपाटाचे दार आपले आपण कण्हले. कुलूप जागच्या जागी होते.

आजचा दिवस आपण तोंडावर हात धरू. उद्याचा? जागा सोडलेली होती, आणि ती कुणाला तरी भरावी लागणार होती. ती पूर्वी कुणी सोडली हे तिला आता पक्के ठाऊक होते.

तिने साबण पुसला, आरशासमोर केस सारखे केले आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे घेऊन जा."

"तू? बाबांना सोडणार?" भाऊ हसला. "मागच्या महिन्यात मी नुसता विषय काढला तर खायला उठली होतीस. सूर्य कुठून उगवलाय बघतो आधी."

"आज ये. मावशीही येतील बरोबर. मी विचारलंय त्यांना."

"ताई, बरी आहेस ना?"

"काम पुरं करायचंय रे. बरंच साचलंय."

दुपारी भाऊ आला. दोघांनी मिळून वडिलांना गाडीत बसवले. तिने शालीची टोके नीट खोचली, गोळ्यांचा कागद मावशींकडे दिला, उजव्या गालाची दाढी कशी करायची ते भावाला स्वतःच्या गालावर दाखवले. मावशींनी तिचा हात क्षणभर घट्ट धरला.

गाडी वळली. ती वर आली. कपाट उघडून तिने प्रश्नावली आणि कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या, प्रश्नावलीचे तोंड समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे करून. स्वतः वडिलांच्या जागी बसली. खिडकी बंद होती. घर इतके निःशब्द होते की टेबलावरचा कागद श्वास घेतो आहे असे वाटावे.

तिने सत्त्याण्णवाचे उत्तर दिले. ते शब्द तिला कधी कुणी शिकवले नव्हते. तरीही ते आले, सरळ, न अडखळता. जिन्याच्या बाजूचे दार हळूच उघडले. तिने मान वळवली नाही. अठ्ठ्याण्णवाचे उत्तर दिले. मग नव्याण्णवाचे, आणि समोरची खुर्ची करकरली.

चार दिवसांनी फोन वाजला तेव्हा एकशे बारा झाली होती. तिने तो उचलला.

"ताई! अगं, बाबा बोलले!" पलीकडून भावाचा आवाज अक्षरशः नाचत होता. "सकाळी चहा दिला तर मावशींना म्हणाले, यात साखर कमी आहे. आणि मग विचारलं, पोरगी का आली नाही अजून? सरळ, नेहमीसारखं! ऐकतेस ना? बोल ना काहीतरी."

बाबा. चहा. साखर. पोरगी. शब्द एकेक करून तिच्यापर्यंत पोहोचले. ते सगळे तिच्या ओळखीचे होते. ते मिळून काय म्हणत आहेत हे कळायला मात्र तिला वेळ लागला. कळले तेव्हा ती हसली असावी, कारण गाल ओला झाला.

तिने फोन बंद न करता तसाच टेबलावर आडवा ठेवला, म्हणजे पुन्हा वाजणार नाही. खुर्ची पुढे ओढून घेतली. अजून अठ्ठावीस राहिली होती.