निवातकवच

टोकेश्वर वसाहतीत अंगणातलं पान हलत नव्हतं आणि माणसाला फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. घाटमाथ्यावरचा आषाढातला वारा बंगल्यांमधल्या गल्लीत असा पिसाटला होता की बाहेर पडणारा सरळ दरीत गेला असता. हा सगळा प्रताप गिरिजा टिल्लूच्या निवातकवचाचा.

तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, केळीची पानं वाऱ्यानं फाटायची, म्हणून तिनं ते बनवलं होतं. बागेच्या चार कोपऱ्यांत चार ध्वनिस्तंभ. त्यांच्या ऐकू न येणाऱ्या लहरी वाऱ्याला बाहेरच्या बाहेर वळवायच्या. अप्पांची अखंड पानं पाहून शेजाऱ्यांना चैन पडेना. आमच्या जास्वंदीनं काय घोडं मारलंय? वर्षभरात झाडून साऱ्या बंगल्यांवर कवचं चढली.

आता अप्पांना दम्याचा जोराचा झटका आला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर समोरच्या डॉक्टर सामंतांकडे होता. मध्ये फक्त गल्ली.

"कवच वारा थांबवत नाही, नुसता ढकलतं," वसाहतीतलेच हवामानतज्ज्ञ प्रभुदेसाई फोनवर म्हणाले. "माझा तुझ्याकडे, तुझा तिसऱ्याकडे. शेवटी सगळा गल्लीत."

"मग मी माझं बंद करते."

"वेडी आहेस का? सगळ्यांचा वारा एकट्या तुझ्या घरात घुसेल. छप्पर उडेल, अप्पांसकट. बंद करायची तर सगळ्यांनी एकदम."

वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसं ठरलं. भोंगा वाजला की प्रत्येकानं आपलं बटण दाबायचं. एकानंही आढेवेढे घेतले नाहीत. गिरिजाला भरून आलं.

भोंगा वाजला. तिचं बोट बटणावर होतं. पण एखाद्यानं दाबलंच नाही तर? आधी गल्लीतला वारा पडू दे, मग दाबू. आपलं एक कवच क्षणभर चालू राहिलं म्हणून काय बिघडतंय?

फोन वाजू लागला. 'बंद केलं.' 'आमचंही.' 'डन.' सामंतांनी लिहिलं, 'बंद. सिलिंडर घेऊन दारात उभा आहे.'

तिनंही लिहिलं, 'बंद केलं', आणि ती खिडकीशी आली.

गल्लीतला वारा तसूभरही कमी झाला नव्हता. एकाही बंगल्याचं कौल उडालं नव्हतं, काच फुटली नव्हती. म्हणजे बटण एकानंही दाबलं नव्हतं.

"गिरिजा," अप्पांनी धापा टाकत विचारलं, "तू केलंस ना गं बंद?"

"हो अप्पा," ती म्हणाली.