बसून वाचणारे

मुलुंड पूर्वेच्या त्या वाचनालयाला दुपारी बारा ते चार सुट्टी असते. मे महिन्यातल्या एका शनिवारी, ऐन सुट्टीत नंदकुमार उकिडवे तिथे गेले. बाद झालेली पुस्तकं यादीशी ताडून गोण्यांत भरायची आणि खाली सही करायची, एवढंच काम. वय अठ्ठ्याहत्तर, रसायनशास्त्रातले डॉक्टर, चाळीस वर्षं प्राध्यापकी. कार्यकारिणीत काहीही नियम करायचा झाला की सगळे उकिडवेसरांकडेच बघत.

हाही नियम त्यांचाच. पाच वर्षांत एकदाही कुणी घरी न नेलेलं पुस्तक बाद. जुनी नोंदवही संगणकावर चढली, पुस्तकांना बारकोड लागले, मोबाइलवर अ‍ॅप आलं. त्या अ‍ॅपवरूनच सभासदांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? उत्तरं आली: एसी, वायफाय, अभ्यासिका. त्यात गैर काही नव्हतं. मुलांना घरी अभ्यासाला जागा नसते हे सरांनाही दिसत होतं. त्यासाठी जागा हवी, म्हणून संगणकाने सहाशे बारा पुस्तकांची यादी काढली. चार वाजता ती न्यायला टेम्पो येणार होता.

दारात ग्रंथपाल विमलाताई उभ्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी हे वाचनालय सांभाळलं होतं.

"मी एका गोणीला हात लावणार नाही, सर. नियम तुमचा, गोणी तुम्हीच भरा."

"अहो, मी काय मनाने ठरवलं का? नोंदी बघूनच ठरवलं ना?"

"कसल्या नोंदी? घरी नेलेल्या पुस्तकांच्या. आतल्या हॉलात बसून वाचणाऱ्यांची नोंद इथे कधी कुणी केली? ज्याच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं, तो पुस्तक नेऊन वाचणार कुठे? आणि म्हणे अ‍ॅपवर विचारलं. ज्याच्याकडे बटणांचा फोन, त्याने काय हवेत बोट फिरवून उत्तर द्यायचं?"

हेच सगळं विमलाताईंनी दोन वर्षांपूर्वी पत्रात लिहून दिलं होतं. त्या पत्रावर 'पुराव्याअभावी दप्तरी दाखल' असा शेरा सरांनीच मारला होता. तो आठवला आणि त्यांना राग आला. बाईंचा, वाचनालयाचा तरुण चिटणीस धवल याचा, त्या यादीचा. पण सगळ्यात जास्त स्वतःचा.

"मी जेवून येते," विमलाताई म्हणाल्या. "बाहेरून कुलूप लावते, नाहीतर कुत्री शिरतात."

आतल्या हॉलात एक लांब टेबल, भोवती वेताच्या खुर्च्या. खिडक्या बंद. डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या खळीचा वास. सर एक खुर्ची ओढून बसले. पुस्तक उचलायचं, बारकोडवर यंत्र धरायचं, 'टिक' झालं की गोणीत. एक गोणी भरली, बांधली. दुसरी भरली. तिसरीही बांधून झाली.

चौथ्या गोणीच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की दोन 'टिक'च्या मध्ये आणखी एक आवाज येतोय. पान उलटल्याचा.

पंख्याने होत असेल म्हणून त्यांनी पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या. आवाज थांबला नाही. संथ, एका लयीत… इथे एक पान, पलीकडे एक पान.

हातातल्या पुस्तकाचं काहीतरी बोटांना ओलं लागलं. त्यांनी उघडून पाहिलं. एका पानाचा खालचा कोपरा भिजलेला होता, अंगठ्याएवढा. बोटाला थुंकी लावून पान उलटणारी माणसं असतात, तसा. सरांच्या आतला प्राध्यापक कारणं मांडू लागला: दमट हवा, गळका नळ, आपलाच घाम. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. तिसरं. दहावं. प्रत्येकात एकच कोपरा ओला, आणि प्रत्येकात वेगळ्या पानाचा. नाकाशी नेला तर तंबाखू-चुन्याचा वास.

त्यांनी धवलला फोन लावला.

"धवल, सकाळी हॉलात कोण होतं?"

"कोणी नाही सर. आठवडाभर बंदच आहे ना हॉल. का?"

"पुस्तकं कुणीतरी वाचतंय."

"सर, उन्हातून आलात, जरा पाणी प्या. टेम्पो निघालाय. सही तेवढी करून टाका ना."

"मी सही करणार नाही."

"तुम्ही नाही केलीत तर सोमवारी दुसरं कोणीतरी करेल, सर. ठराव झालाय."

"गाढवपणा झालाय," सरांचा आवाज चढला. "माझा. मोजायला सोपं तेवढंच मोजलं मी. आणि ही माणसं, जी रोज इथे येऊन…"

"श्श…"

अगदी जवळून. मग टेबलाच्या त्या टोकाकडून. मग चारी बाजूंनी. त्यात विनंती नव्हती. दातांमधून सोडलेला, वर्षानुवर्षं धरून ठेवलेला राग होता तो.

"सर…" फोनवर धवलचा आवाज एकदम खाली आला. "एवढी माणसं कशाला बोलावलीत तुम्ही?"

सरांनी फोन बंद केला. यादीचे चार तुकडे केले आणि ते टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. पानांचा आवाज पुन्हा आला नाही. सगळं थांबलं होतं. कुणीतरी कशाची तरी वाट बघत असल्यासारखं.

साडेतीनला कुलूप निघालं. विमलाताई आत आल्या. त्यांनी ते तुकडे पाहिले, मग सरांच्या डोक्यावरून मागे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सर… उठा तिथून."

"का?"

"अंबादास आजोबा केव्हाचे उभे आहेत."

अंबादास म्हणजे भांडुपहून चालत येणारे जुने गिरणी कामगार. ते करोनाच्या टाळेबंदीत वारले, हे सरांना ठाऊक होतं.

टेबलाचा आधार घेत सर उठले, बाजूला झाले. मागे वेत हळूहळू करकरला, गुडघे दुखणारं माणूस टेकतं तसा.

"कुठवर आला होतात?" विमलाताईंनी हलक्या आवाजात खुर्चीला विचारलं. उत्तराला लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या. मान हलवली. बांधून ठेवलेल्या गोण्यांपैकी तिसरी सोडली, कोपरापर्यंत हात घालून तळाचं एक पुस्तक ओढून काढलं आणि नाव न वाचताच, मधलं एक पान उघडून खुर्चीपुढे ठेवलं.

ती गोणी सरांनी बंद हॉलात एकट्याने भरली होती, आणि तिच्या तळाशी काय आहे ते त्यांनाही आठवत नव्हतं.