डावीकडे झुकलेले टाके

मी कोट शिवतो. चौतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही आणि येतही नाही. दुकान खाली, घर वर, मधे चौदा पायऱ्यांचा जिना. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, देवावरही बेताचाच. टेप जे दाखवते ते खरं, एवढंच मी मानतो. म्हणून पुढचं सगळं मापांसकट सांगतो.

मागच्या वर्षी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, पोटात गाठ निघाली. कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी केमो ठरली. हॉस्पिटलातली ती खोली गारठलेली असते आणि सलाईन चार चार तास चालतं. म्हणून ही तिथे राखाडी लोकरीचा कोट घेऊन बसायची, एका बाहीत हात आणि दुसरी बाही नुसती खांद्यावर. तो कोट मीच शिवलेला, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. पहिल्या डोसानंतर तीन किलो उतरले आणि कोट लोंबायला लागला.

"खुंटीला टांगल्यासारखी दिसतेय मी," ही म्हणाली. "आत घ्या जरा. आजारी आहे म्हणून गबाळी कशाला दिसू?"

आमचं हे असंच आहे. रोज सकाळी ही खिडकीशी खुर्ची ओढून पाच मिनिटं डोळे मिटून बसते. आजारपणाआधीही बसायची. एकदा मी विचारलं, "काय मागतेस एवढं?"

"मागत नाही, नुसतं बोलते. तुम्ही गिऱ्हाईकाशी बोलता तसं."

"माझं गिऱ्हाईक उलट उत्तर देतं."

"म्हणून तर तुमचं डोकं दुखतं," ही म्हणाली.

कोट आत घेताना जास्तीचं कापड शिवणीतच दुमडून ठेवतात. त्याला आम्ही माया म्हणतो. ती कापायची नाही, हा माझ्या आईचा नियम. हा धंदा तिचा, सुई माझ्या हातात दिली तीही तिनेच. म्हणायची, "माणूस वाळतो तसा भरतोही. कापून मोकळा झालास तर मग काय लावशील?" तिला जाऊन अकरा वर्षं झाली. ती डावखुरी होती. तिची मोठी कात्री अजून भिंतीला आहे, पण मला ती कधी धरता आली नाही.

दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला, अस्तर हाताने शिवून बंद केलं. दुसऱ्या दिवशी हिला घालून पाहिला तर कोट होता तेवढाच सैल. वय झालं, मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून परत उसवला आणि परत आत घेतला. तेवढ्यावर ते मिटलं.

तिसऱ्या डोसानंतर पुन्हा तेच. या वेळी मात्र मी मापं लिहून ठेवली होती. रविवारी दुपारी छाती छत्तीस केली, सोमवारी सकाळी टेप सदतीस दाखवत होती. अस्तर उलटून पाहिलं. टाके बारीक, एकसारखे, आणि डावीकडे झुकलेले. माझा टाका उजवीकडे झुकतो. आजवर एकही तिकडे गेलेला नाही.

हिच्या बोटांना औषधाने मुंग्या यायच्या, बटणसुद्धा लागायचं नाही. राहिली मुलगी. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, डोसाच्या दिवशी रजा काढून येते.

"बाबा, मला सुईत दोरा ओवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्हीच केलं असेल. बघा जरा स्वतःकडे, किती दमलायत."

ते मला पटलं. मग मी कोट कपाटात ठेवायला लागलो. कुलूप लावायचो, किल्ली खिशात, आणि शिवाय कपाटाच्या दोन्ही मुठींना दोरा बांधून गाठ मारायचो. माझी गाठ मी ओळखतो. चौथ्या डोसाच्या सकाळी गाठ जशीच्या तशी होती. कोट अर्ध्या इंचाने सैल होता.

त्या दिवशी हॉस्पिटलातून येताना ही म्हणाली, "कोट घालताना मागून कॉलर सरळ केलीत ना, बरं वाटलं. हात गार होता तुमचा."

मी तेव्हा खाली औषधांच्या रांगेत उभा होतो.

पाचव्या डोसानंतर तपासणी झाली. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, फिरवून बोलत नाहीत. गाठ हटलेली नाही, म्हणाल्या. औषध बदलून पाहू. मीही गिऱ्हाईकाला 'पाहू' म्हणतो, तेव्हा त्यात किती दम असतो ते मला ठाऊक आहे.

दुपारी ही वर झोपली. मी खाली कोट टेबलावर पसरला. दुमडलेल्या कापडाची जाड घडी बरगड्यांना टोचते, असं ही म्हणाली होती. ते एक कारण झालं. खरं कारण मला माहीत होतं. ही आता परत भरणार नाही, असं मी मनाशी धरून चाललो होतो. मी माझी कात्री घेतली आणि दोन्हीकडची माया कापली. हातभर लांबीच्या दोन पट्ट्या निघाल्या. त्या बटणांच्या खणात टाकल्या.

मग मात्र मला रडू आवरेना. तीस वर्षांच्या संसारात हिच्यापासून मी काही लपवलं नव्हतं, आणि लपवलं ते हे.

"तिचं राहू दे," मी मोठ्याने म्हणालो. "पाहिजे तर माझ्यातलं घे."

दुकानात कोणी नव्हतं. अस्तर शिवलं, कोट कपाटात ठेवला, दोरा बांधला. भिंतीवरची कात्री थोडी हलत होती. पंखा चालू होता, त्यामुळे असेल.

नवं औषध लागू पडलं. आधी हिने वाढलेलं संपवलं, मग परत वाढा म्हणाली. महिना-दीड महिन्यात गाल वर आले. मुलगी वजनाच्या काट्याकडे वाकून वाकून बघायची आणि हसायची. आनंद मलाही झाला, पण कपाटाकडे बघणं मी टाळायचो. आज ना उद्या ही कोट सैल करायला सांगणार होती.

पुढच्या तपासणीच्या सकाळी सांगितलंच.

"आता सोडा तो सैल," ही म्हणाली. "माया ठेवलीय ना?"

मी हो म्हणालो.

खाली आलो. दोऱ्याची गाठ माझीच होती. कोट वर नेला आणि मान खाली घालून हिच्यामागे धरला. म्हटलं, आता कळेल हिला की मी हात टेकले होते.

हिने स्वतःच्या बोटांनी तिन्ही बटणं लावली. "अगदी पहिल्यासारखा," म्हणाली.

टेप लावली. अडतीस. शिवला तेव्हाचं माप.

परतल्यावर अस्तर उसवलं. कापड अखंड होतं, जोड कुठेही नाही, आणि टाके डावीकडे. बटणांचा खण उघडला. दोन्ही पट्ट्या तिथेच होत्या.

गाठ निम्मी झाली होती. आणखी तीन डोसांनी ती सापडेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा फिल्म उजेडात धरली.

"मी बोलत होते ना रोज," ही मला म्हणाली. मी हिचा हात धरला. वाद घातला नाही.

शेवटच्या भेटीला मीही माझा जुना काळा कोट काढला. तो वर्षभर कपाटाबाहेर निघाला नव्हता. मुलगी दारात उभी राहून बघत राहिली.

"बाबा, कोट काय मस्त बसलाय तुम्हाला."

बसला होता खरा. मी गेल्या दोन महिन्यांत माझ्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली होती. कोट लोंबायला हवा होता.

हिला मुलीबरोबर पुढे पाठवलं. "आलोच," म्हणालो.

छातीला टेप लावली. बेचाळीस असायची. एकोणचाळीस.

कोट उतरवून अस्तर उलटलं. दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता. टाके बारीक, एकसारखे, डावीकडे झुकलेले.

शिवणीत बोट घालून पाहिलं. सगळी माया नीट दुमडून ठेवली होती. कापलेली नव्हती.